इंटरनेट बंद, तरी राउटरचे पान उघडते!

शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट बंद पडले की कोणीतरी सुचवते, "राउटरचे पान उघडून बघा." मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता घातला जातो आणि पडद्यावर उमटते, 'हे पान उपलब्ध नाही'. "इंटरनेटच नाही, तर पान कुठून उघडणार?" असे म्हणून सगळे उठतात.

हा निष्कर्ष सरळ वाटला तरी चुकीचा आहे. इंटरनेट पूर्ण बंद असतानाही हे पान उघडायला हवे. असे का, हे समजले की दोष शोधण्याचे निम्मे काम झालेच म्हणायचे.

राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रक्रियक असतो, स्मृती असते आणि मागणी येताच काही ठरावीक पाने पाठवणारा एक प्रोग्रॅम असतो. आपण ज्याला राउटरचे लॉगिन पान म्हणतो, ते या डबीतच साठवलेले असते. आपली मागणी वाय-फायने किंवा तारेने डबीपर्यंत जाते आणि उत्तर घेऊन परत येते. या प्रवासात ती शाळेच्या भिंतीबाहेर पाऊलही टाकत नाही.

घरगुती पत्ते

मग हा पत्ता कसला? छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना याचे उदाहरण शहरातच सापडेल. सिडकोने येथे वसवलेल्या वसाहतींना एन-२, एन-६, एन-११ अशी नावे आहेत. वसाहतीतल्या माणसाला 'पाच नंबरचे घर' एवढे सांगितले तरी पुरते. बाहेरगावाहून येणाऱ्या पत्रावर मात्र वसाहत, शहर, पिनकोड असे सगळे लिहावे लागते. कारण पाच नंबरचे घर कितीतरी वसाहतींत असणार.

इंटरनेटवरही असेच दोन प्रकारचे पत्ते आहेत. जुन्या आणि अजूनही सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत पत्ता चार संख्यांचा असतो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ च्या दरम्यान असते. असे पत्ते एकूण २५६ × २५६ × २५६ × २५६, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ होतात. जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींच्या वर आहे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता पुरणार नाही, हे अभियंत्यांना १९९० च्या दशकातच दिसू लागले होते. त्यामुळे फेब्रुवारी १९९६ मध्ये 'आरएफसी १९१८' या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट घरगुती वापरासाठी राखून ठेवले. पहिला गट १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा, दुसरा १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचा आणि तिसरा १९२.१६८ चा. हे पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, पण सार्वजनिक इंटरनेटवर ते चालणार नाहीत, असे ठरले.

म्हणून संभाजीनगरच्या शाळेतले १९२.१६८.१.१ आणि नागपूरच्या घरातले १९२.१६८.१.१ या दोन वेगळ्या डब्या असतात. शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवरचा घरगुती पत्ता पुसून त्या जागी सार्वजनिक पत्ता लिहिणे आणि आलेले उत्तर योग्य संगणकाकडे पोचवणे, हे राउटरचे मुख्य काम.

वाट तुटली कुठे?

विजेचा दिवा लागत नसेल तर आपण बल्ब, बटण, वायर असे एकेक तपासतो. येथेही तेच करायचे. संगणकापासून डबीपर्यंतच्या वाटेचे टुकडे पाडायचे आणि एका वेळी एकच तपासायचा.

पहिला प्रश्न : पत्ता बरोबर लिहिला आहे का? या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत, पण ब्राउझरमध्ये ते इंग्रजीतच टंकावे लागतात. मोबाइलवर मराठी कळफलक चालू राहिल्यामुळेही पान न उघडण्याची शक्यता असते. शून्याऐवजी 'ओ' हे अक्षर किंवा टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला आहे का, तेही पाहावे. पत्ता शोधाच्या चौकटीत न घालता वरच्या पत्त्याच्या पट्टीतच घालावा.

दुसरा प्रश्न : आपल्या राउटरचा पत्ता खरोखर हाच आहे का? काही डब्यांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, काहींचा आणखी वेगळा. अंदाज करण्यापेक्षा संगणकालाच विचारावे. विंडोज संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा मध्ये जागा न सोडता इंग्रजीत टंकावी. उत्तरात 'डीफॉल्ट गेटवे' या शब्दांपुढे जो पत्ता दिसेल, सर्वसाधारणपणे तोच राउटरचा. मोबाइलवर ही माहिती वाय-फायच्या तपशिलात मिळते. गेटवे म्हणजे दरवाजा. संभाजीनगर तर दरवाजांचेच शहर! जुन्या शहरातून बाहेर पडायचे तर दिल्ली दरवाजा किंवा पैठण दरवाजा गाठावा लागे. तसे संगणकाला बाहेर जाण्यासाठी कोणता दरवाजा गाठायचा, ते येथे लिहिलेले असते.

तिसरा प्रश्न : आपण त्या दरवाजाच्या आतच आहोत का? वाय-फायवर इंटरनेट नाही असे दिसताच अनेक मोबाइल गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात. मग आपली मागणी राउटरकडे न जाता मोबाइल कंपनीच्या जाळ्यात जाते आणि तेथे ती डबी नसतेच. म्हणून तपासताना मोबाइल डेटा आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवावे. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवरूनही लॉगिन पान बहुधा मुद्दाम बंद ठेवलेले असते.

चौथा प्रश्न : संगणकाला स्वतःचा पत्ता मिळाला आहे का? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला, कोणीच उत्तर दिले नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, असा अर्थ होतो. अशा वेळी तार घट्ट बसवावी, राउटर अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू करावा.

शाळांमध्ये आणखी एक अडचण येते. इंटरनेट पुरवणाऱ्याची एक डबी आणि शाळेने विकत घेतलेली दुसरी, अशा दोन डब्या एकामागे एक जोडलेल्या असतात. दोघींचा पत्ता एकच असेल तर आतली डबीच उत्तर देते, बाहेरचीपर्यंत मागणी पोचतच नाही. अशा वेळी आतल्या डबीचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ असा करावा.

पान उघडले, पण पासवर्ड चालत नाही, असेही होते. वाय-फायचा पासवर्ड आणि लॉगिनचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा बहुधा डबीच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. मागच्या बारीक छिद्रातले बटण दाबून धरले तर डबी कारखान्यातून आली तशी होते; पण त्याबरोबर इंटरनेट जोडणीची नोंदही पुसली जाऊ शकते. ती माहिती हाताशी असल्याशिवाय, किंवा पुरवठादाराला विचारल्याशिवाय, त्या बटणाला हात लावू नये.

पान उघडता येणे का गरजेचे?

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले राउटर आणि कॅमेरे लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यात घातलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांनी 'डिन' या कंपनीवर मागण्यांचा इतका भडिमार केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

शाळेच्या राउटरमधून मुलांची सगळी ये-जा होते. त्याच्या मांडणीत कोणी फेरफार केला तर विद्यार्थी एका पानाचा पत्ता घालतील आणि पोचतील भलत्याच पानावर. त्यामुळे शाळेत निदान दोन शिक्षकांना हे पान उघडता यायला हवे, कारखान्याचा पासवर्ड बदललेला हवा आणि नवा पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात असावा.

शाळेचा राउटर वेगळा असेल तर वर्गात एक प्रयोग करता येईल. 'वॅन' लिहिलेल्या खाचेतील तार काढण्याआधी विद्यार्थ्यांना विचारा : आता राउटरचे पान उघडेल का? उत्तरे फळ्यावर लिहा, मग तार काढून पाहा. मात्र काचतंतूची बारीक तार कधीही काढू नका. तिचे टोक धुळीने खराब होते आणि त्यातून येणारा अदृश्य प्रकाश डोळ्यांना अपायकारक ठरू शकतो. पान उघडल्यावर 'इंटरनेट' आणि 'वाय-फाय' हे दोन शब्द एकाच अर्थाने का वापरू नयेत, ते विद्यार्थीच आपल्याला सांगतील.