नागोया ते नवगाव : बेंजोपार्टीची छोटी कारकीर्द

थळ, नवगाव, वरसोली, रेवदंडा, कोर्लई, एकदरा, राजपुरी, जीवना बंदर. रायगडच्या किनाऱ्यावरच्या यांतल्या कुठल्याही कोळीवाड्यात लग्नाची तारीख ठरली, की मांडववाल्याच्या पाठोपाठ बेंजोवाल्याला फोन जातो. हळदीची रात्र, शिमग्याची पालखी, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, गणपतीचं विसर्जन या सगळ्यांना एकच आवाज लागतो. तारेचा, चिरत जाणारा, दोन आळ्या पलीकडून ओळखू येणारा आवाज. शब्द कानावर पडायच्या आधी बाया-बापड्यांना गाणं कळलेलं असतं आणि पाय हलू लागलेले असतात.

हा बेंजो म्हणजे अमेरिकेतलं गोल पोटाचं वाद्य नव्हे. ही एक लांबट लाकडी पेटी आहे. तिच्यावर तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणं. डावा हात बटणं दाबतो, उजवा तारा छेडतो. पुस्तकात याचं नाव बुलबुलतरंग. पेटीला पिकअप बसवून तार ॲम्प्लिफायरला जोडली की तो मिरवणुकीचा बेंजो होतो. सोबतीला कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलक, ताशा, कधी ट्रम्पेट; आणि हे सगळं ओढायला हातगाडी किंवा टेम्पो, त्यावर जनरेटर.

या पेटीचं माहेर जपानात आहे. नागोया शहराच्या ओसू भागात राहणारा मोरिता गोरो तरुणपणी वाद्य वाजवत युरोप-अमेरिकेत फिरून आला होता. तिकडं पाहिलेल्या टंकलेखन यंत्राच्या बटणांची कल्पना त्यानं आपल्याकडच्या ‘निगेनकिन’ या दोन तारांच्या जुन्या वाद्याला जोडली आणि १९१२ साली नवं वाद्य बाजारात आणलं. त्याच वर्षी जुलैअखेर जपानात नवा सम्राट गादीवर येऊन ‘ताइशो’ कालखंड सुरू झाला होता. वाद्याचं नाव पडलं ‘ताइशोगोतो’. पारंपरिक कोतो हे तंतुवाद्य शिकायला वर्षं जायची. हे वाद्य मात्र बटणांवरचे आकडे बघून घरातलं कुणीही वाजवू शके, आणि किंमतही परवडणारी. सामान्य माणसाच्या हातात सूर देणारी वाद्यं जगात थोडी आहेत. मोरिताचं नाव त्या यादीत फार वर असायला हवं असं मला वाटतं.

जपान आणि मुंबई यांच्यात वाट आधीच पडलेली होती. कापसासाठी. निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं १८९३ साली कोबे-मुंबई अशी नियमित बोट सुरू केली. इकडून कापूस जाई, तिकडून जपानी माल येई. पहिल्या महायुद्धात युरोपातला माल अडला आणि मुंबईच्या बाजारात आगपेट्यांपासून खेळण्यांपर्यंत जपानी वस्तूंचा सुकाळ झाला. बुलबुलतरंग याच व्यापाराचं अपत्य असावं. पुढं ते इथल्याच कारागिरांच्या हातून बनू लागलं. मुंबईहून आमच्या किनाऱ्यावर यायला मग अंतर ते किती? भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवस. मासळी घेऊन गेलेला माणूस परत येताना काय काय आणायचा! गिरणगावात नोकरीला गेलेली घरं शिमग्याला आणि गणपतीला गावी यायची, तेव्हा तिथल्या मंडळांत ऐकलेलं सगळं सोबत यायचं.

हेच वाद्य समुद्रामार्गे आणखी कुठं कुठं उतरलं हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. बलुचिस्तानात ते आकारानं वाढलं आणि ‘बेंजू’ होऊन लोकसंगीताचा कणा बनलं. पूर्व आफ्रिकेत मोंबासाच्या तारब संगीतात ते ‘ताइशोकोतो’ याच नावानं शिरलं. नागोयाच्या पेटीला बंदरांनी आपलं म्हटलं.

आमच्याकडं ते रुजलं याचं कारण कोळीगीताच्या घडणीत आहे. कोळीगीताची चाल थोड्या सुरांत फिरते, ओळ पुन्हा पुन्हा येते, ठेका सहा मात्रांचा, होडीसारखा झुलता. आगरी-कोळी लग्नात पूर्वी धवलारीण धवले गायची. ते गाणं विधीचं, बसून ऐकायचं. दक्षिणेला श्रीवर्धन-म्हसळ्याकडं सनई-ढोलाचा खालू बाजा नाचाला असे. बेंजोनं गाण्याची चाल आणि नाचाची लय एकाच वेळी उचलली. ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या, वेसाव्याच्या शाहीर काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’सारख्यांची गाणी घरोघरी वाजू लागली, आणि बेंजोवाल्यांना तयार भांडार मिळालं. कॅसेट रात्री ऐकायची, सकाळपर्यंत बटणांवर बसवायची.

पुढची सामग्रीही जपानचीच. कॅसिओनं पहिला कीबोर्ड १९८० मध्ये काढला. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात स्थापलेल्या रोलँड कंपनीचा आठ चौकोनांचा ऑक्टापॅड १९८५ चा. एका पोराच्या दोन काठ्यांत संबळ, ढोल, घुंगरू, टाळ्या असं सगळं आलं. ढोलक-ताशा सोडले तर एकवीरेच्या नावानं टी-शर्ट छापलेली आमची पार्टी निम्म्याहून अधिक जपानी सामानावर उभी असते.

आता तिच्या आयुष्याबद्दल. ते छोटं असतं. अठरा ते पंचविशीतली सात-आठ पोरं, बहुधा एकाच आळीतली. पैसे जमवून, कुणाच्या आईचा दागिना गहाण पडून सामान येतं. पहिल्या वर्षी गावातली पालखी फुकट वाजवायची. नाव झालं की शेजारच्या गावची सुपारी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी लग्नसराईत एकही रात्र रिकामी राहत नाही. आणि तिथंच चिरा पडू लागतात. खलाशी पोरगा बोटीवर जातो तो आठ-आठ दिवस परतत नाही. उरणच्या बंदरात, थळच्या खत कारखान्यात किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात ज्याला काम लागतं त्याला पाळी चुकवता येत नाही. ज्यानं शेकडो नवरदेव नाचवले त्याचं स्वतःचं लग्न होतं. ऑक्टापॅडवाल्याला दुसरी पार्टी जास्त पैसे देते. सामान कुणाचं, नाव कुणाचं, यावर भांडण होतं, आणि एका पार्टीच्या दोन होतात. त्यांतली एक पुढच्या शिमग्याला दिसत नाही.

एवढ्या अल्पायुष्याला कारकीर्द म्हणायचं का? मी म्हणेन, जरूर म्हणायचं. जपानमधलंच उदाहरण घ्या. टोकियोत १९६९ साली चार तरुणांनी ‘हॅपी एंड’ नावाचा बँड काढला. रॉक संगीत इंग्रजीतच गायला हवं, जपानी भाषा त्याला पेलणार नाही, असं तेव्हा तिथं जोरात म्हटलं जाई. या चौघांनी ते जपानीत गाऊन दाखवलं. तीन अल्बम केले, त्यांतला शेवटचा लॉस एंजेलिसला जाऊन, आणि १९७२ संपता संपता बँड मोडला. जेमतेम तीन वर्षं. पण त्यांच्यातला हारुओमी होसोनो पुढं ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’त गेला, ताकाशी मात्सुमोतो देशातला नामांकित गीतकार झाला, आणि जपानी पॉपचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येत नाही. कारण त्यांची गाणी तबकड्यांवर होती, वेष्टनावर चौघांची नावं होती. आमच्या पार्ट्यांनीही आगरी-कोळी बोलीतलं गाणं नव्या वाद्यांवर पेलून दाखवलं. पण त्यांच्या नावांची तबकडी कुणी काढली नाही.

२०२० साल या मंडळींना फार जड गेलं. मार्चअखेर टाळेबंदी आली ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. पुढं पन्नास माणसांत लग्नं उरकली; त्यात वाजवायला कोण बोलावणार? ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या किनाऱ्यावर आदळलं. घरांची कौलं, पत्रे, पोफळीच्या बागा, होड्या गेल्या. ज्या घरावर छप्पर राहिलं नाही तिथं स्पीकरचा हप्ता कुठून भरायचा?

त्याआधीपासूनच डीजेनं जागा खायला सुरुवात केली होती. एक माणूस आणि एक लॅपटॉप सात जणांपेक्षा स्वस्त पडतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये अधिक ठाम केला. तो योग्यच आहे. आजाऱ्याला आणि तान्ह्याला झोप हवी. पण डीजेच्या भिंतीला आणि बेंजोच्या हातगाडीला एकाच मापानं मोजणं मला पटत नाही. बेंजोवाला समोरच्या नाचणाऱ्या म्हातारीकडं बघून लय उतरवतो, पालखी देवळाच्या पायरीशी आली की चाल बदलतो. लॅपटॉपला ते करायला कुणीतरी सांगावं लागतं.

रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला. गोष्ट मुंबईच्या वस्तीतली होती, पण या वाजवणाऱ्याला नायक केलं गेलं याचा मला मनापासून आनंद झाला. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचं दस्तऐवजीकरण मात्र मोबाइलवरच्या चित्रफितींपुरतं आहे, आणि तिथं नवरा-नवरीची नावं असतात, वाजवणाऱ्यांची नसतात. हे काम विद्यापीठाची वाट न बघता गावकीला आणि गणेशमंडळांच्या स्मरणिकांना करता येईल. पार्टीचं नाव, गाव, सुरू कधी झाली, बंद कधी पडली, बेंजोवर कोण होतं, ऑक्टापॅडवर कोण, पहिली सुपारी कुठली, बसवलेल्या चाली कोणत्या. एका पार्टीला एक पान पुरेल. कॅसेटच्या काळात वाजवणारी पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत, याच वाड्यांमध्ये राहतात, आणि विचारलं तर सांगतील.