न छापलेल्या चाचण्यांचे काय?

नवी मुंबई : नेरूळ, कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्राच्या निवासी डॉक्टरांना ‘जर्नल क्लब’मध्ये शोधनिबंधांची चिकित्सा करावी लागते. मात्र निबंध छापलाच गेला नसेल तर? एरिक टर्नर व सहकाऱ्यांनी नैराश्यावरील १२ औषधांच्या, अमेरिकी औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. छापील निबंधांत ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत. प्रशासनाच्या दप्तरी ५१ टक्केच. प्रतिकूल वा संदिग्ध ३६ पैकी २२ अप्रकाशित राहिल्या. औषधे निरुपयोगी ठरली नाहीत. त्यांचा गुण मात्र सरासरी ३२ टक्क्यांनी फुगलेला दिसला. औषध लिहून देणारा डॉक्टर त्याच आकड्यांवर विसंबतो. भारतात १५ जून २००९ पासून चाचण्यांची पूर्वनोंदणी सक्तीची आहे. निबंध वाचण्याआधी ती नोंद उघडून यशाचा मूळ निकष नंतर बदलला का, हे पाहण्याची सवय निवासी डॉक्टरांना येथेच लावता येते.