एका अंशाचा कारभार

उभ्या गाडीत बसून कुणी स्टिअरिंग पाच वेळा डावी-उजवीकडे फिरवतोय आणि वर ब्रेकही पाच वेळा दाबतोय, असं दिसलं तर लहान पोर गाडी-गाडी खेळतंय असंच वाटेल. प्रत्यक्षात तो गाडीची नाडी बघत असतो. 1990 च्या आगेमागे बनलेल्या निसान स्कायलाइनमध्ये चारचाकी स्टिअरिंगच्या कॉम्प्युटरला बोलतं करायची रीत हीच. इंजिन सुरू केल्यावर 10 सेकंदांत ही कवायत उरकायची. मग डॅशबोर्डवरचा ‘हायकास’ नावाचा दिवा मिचकायला लागतो. तो किती वेळा मिचकला ते मोजायचं आणि दुखणं कुठलं ते ताडायचं.

हायकास म्हणजे मागची चाकंही वळवणारी निसानची यंत्रणा. 1985 च्या आर31 स्कायलाइनमध्ये ती पहिल्यांदा आली. ते दिवस जपानी कारखान्यांच्या चढाओढीचे होते. 1987 मध्ये होंडाने प्रिल्यूडमध्ये पुढच्या स्टिअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत चक्क एक दांडा नेला. इलेक्ट्रॉनिक्सचा त्यात पत्ताच नव्हता. स्टिअरिंग थोडं फिरवलं की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळत, जास्त फिरवलं की उलट. माझदाने त्याच सुमारास 626 मध्ये हा निर्णय वेगावर सोपवला. ताशी साधारण 35 किलोमीटरच्या खाली चाकं उलटी वळायची, वर गेलं की त्याच दिशेने.

उलटी वळली की गाडी लहान असल्यासारखी गर्रकन फिरते. एका दिशेने वळली की लांबलचक गाडीसारखी रस्ता धरून राहते. तत्त्व एवढंच. पार्किंगची सोय हा निसानचा हेतूच नव्हता, त्यांना वेगातल्या वळणाची काळजी होती. 1989 च्या आर32 मधलं ‘सुपर हायकास’ आधी क्षणभर मागची चाकं उलटी वळवून गाडीचं नाक वळणात घालायचं आणि लगेच ती सुलटी करून शेपूट सावरायचं. हे सगळं तेलाच्या दाबावर चालायचं. पंप पुढे, सिलिंडर मागे आणि मधे गाडीभर नळ्या. 1993 च्या आर33 मध्ये नळ्या गेल्या, मागच्या रॅकवर विजेची मोटर आली.

हा सगळा खटाटोप किती वळणासाठी? फार तर एका अंशासाठी.

आर32 जीटी-आरचा मूळ टायर 225/50 आर16, म्हणजे व्यास सुमारे 63 सेंटिमीटर. ते चाक एक अंश वळलं तर त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जेमतेम 11 मिलिमीटर सरकते. आता त्या चाकाला वळवणाऱ्या टाय रॉडचा बॉल जॉइंट झिजलाय असं समजा. चाकाच्या बाजूचा आर्म 12 सेंटिमीटरचा धरला आणि जॉइंटमध्ये एक मिलिमीटर प्ले आला, तर चाक आपल्या मर्जीने जवळजवळ अर्धा अंश हलायला मोकळं. कॉम्प्युटरने हुकूम द्यायचा एका अंशाचा आणि त्यातला अर्धा वाटेतच गळायचा! भरधाव लेन बदलताना ‘मागून कुणीतरी ढकलल्यासारखं’ वाटतं, ही जुन्या हायकासबद्दलची नेहमीची तक्रार. तिचं खापर कॉम्प्युटरवर फुटतं, आणि बिचाऱ्या जॉइंटकडे कुणी वाकूनही बघत नाही.

अर्थात कॉम्प्युटरही धुतल्या तांदळासारखा नाही. तीस-पस्तीस वर्षांत सर्किट बोर्डावरचे कपॅसिटर पाझरतात. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर फिरतो तो मूळ स्टिअरिंगच्या बॉसला, म्हणजे मधल्या जोडतुकड्याला धरून. हौसेने स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवताना सेन्सरला जुळणारा बॉस घेतला नाही, तर स्टिअरिंग फिरतं पण सेन्सर जागचा हलत नाही आणि दिवा लागतो.

अमेरिकेत 25 वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करताना तिथल्या सुरक्षा-मानकांची अट आड येत नाही. त्यामुळे आर32 तिथे 2014 पासून पोचू लागली आणि आर34 चा दरवाजा 2024 मध्ये उघडला. नव्या मालकापुढे गाडीसोबत हा प्रश्नही येतो, की मागच्या स्टिअरिंगचं करायचं काय?

सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे लॉक बार. मागचा रॅक उतरवायचा, त्या जागी पोलादी दांडा बोल्टने आवळायचा, व्हील अलाइनमेंट करून घ्यायची. याला ‘अपग्रेड’ म्हणणं म्हणजे दुखरी दाढ उपटून दंतसौंदर्याची जाहिरात करण्यासारखं आहे. पण ड्रिफ्टिंग करणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. शेपूट त्याला स्वतःला सांभाळायचं असतं, मधे तिसऱ्याची लुडबुड नको असते. यात एक मेख मात्र आहे. वेगानुसार पुढचं स्टिअरिंग हलकं-जड करण्याचं कामही हायकासचा हाच कॉम्प्युटर करतो. म्हणून तो सरसकट काढून टाकला, की पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागण्याची शक्यता असते.

दुसरी वाट डागडुजीची. नवे बॉल जॉइंट, नवे बुश, बोर्डावर नवे कपॅसिटर. दिसायला काही बदलत नाही, म्हणून कौतुकही होत नाही. तरी खरा फरक इथेच पडतो.

तिसरी वाट अवघड आहे. आर33 पासूनचा विजेवर चालणारा रॅक ठेवून त्याला नवा मेंदू द्यायचा. स्टिअरिंगचा कोन, वेग आणि गाडी किती झपाट्याने फिरतेय हे सांगणारा सेन्सर, एवढं आज सहज मिळतं. अवघड आहे ते चूक झाली तर काय करायचं हे ठरवणं. 1991 च्या प्रिल्यूडने दांडा सोडून मोटर घेतली, तेव्हा होंडाने पुढे आणि मागे कोन मोजायला एक मुख्य आणि एक दुय्यम असे जोडीचे सेन्सर दिले होते. मोटरचा वीजपुरवठा तुटला तर चाकं सरळ करायला स्प्रिंग होती. घरच्या टेबलावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने निदान एवढी सावधगिरी तरी उसनी घ्यावी. एका अंशाची चूक पार्किंगमध्ये कळतही नाही, ताशी 120 ला मात्र ती गाडी पलीकडच्या लेनमध्ये नेते.

निसानने 2007 च्या आर35 जीटी-आरमध्ये मागचं स्टिअरिंग दिलंच नाही. पण कल्पना मेली नाही. पुण्याजवळ चाकणला 2022 पासून जुळवली जाणारी मर्सिडीज ईक्यूएस मागची चाकंही वळवते, आणि या मॉडेलमध्ये हे वळण 10 अंशांपर्यंत जाऊ शकतं. एवढी लांब गाडी अरुंद गल्लीतून फिरते ती त्याच जोरावर.

इकडे आर32 चा लॉक बार बसवून झाला, तरी उतरवलेला रॅक शहाणा मालक भंगारात घालत नाही. तेल निथळवून, नळ्यांची तोंडं बुचानं बंद करून, जुन्या गोधडीत गुंडाळून तो कोपऱ्यात ठेवतो. पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी ‘जशी कारखान्यातून आली तशी’ हवी असली, तर तोच रॅक पुन्हा गाडीखाली चढतो.