क्लाउडवरचा स्टुडिओ (७) : रिमोट डेस्कटॉप मिटल्यावर

एसआरटीच्या लेटन्सीचं गणित आज मांडायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातली अडचण मुळाशी जाणारी आहे. ती आधी घेतो.

हे गृहस्थ गावोगावच्या कबड्डी स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवतात. मैदानावर दोन कॅमेरे, ओबीएस मात्र एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमधल्या जी४डीएन मशीनवर. गुणफलक त्याच मशीनवर क्रोममध्ये उघडलेला आणि 'डिस्प्ले कॅप्चर'ने ओबीएसमध्ये घेतलेला. उपांत्य सामन्यात लॅपटॉपची बॅटरी उतरायला लागली, म्हणून त्यांनी रिमोट डेस्कटॉपची विंडो बंद केली. कॅमेरे चालू राहिले, गुणफलकाच्या जागी काळी पट्टी आली आणि बघणाऱ्यांचे फोन सुरू झाले. त्यांचा प्रश्न : "मशीन क्लाउडवर चालूच होतं, मग माझ्या लॅपटॉपचा काय संबंध?"

संबंध आहे. डेटा सेंटरमधल्या त्या मशीनला मॉनिटर नसतो. आपण आरडीपीने, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने, आत शिरलो की विंडोज आपल्यापुरतं एक सेशन उघडतं आणि त्याला एक आभासी स्क्रीन जोडतं. आपण बाहेर पडलो की ती स्क्रीन काढून घेतली जाते. ओबीएस बंद पडत नाही. एसआरटीने येणारे कॅमेरे, एन्कोडिंग, यूट्यूबकडे जाणारी स्ट्रीम, यातल्या कशालाच डेस्कटॉपची गरज नसते. पण डिस्प्ले कॅप्चर म्हणजे स्क्रीनवर जे उमटतंय त्याची नक्कल. स्क्रीनच गेली तर नक्कल कशाची करणार? विंडो नुसती मिनिमाइज केली तरी असं होतं, कारण समोर कोणी बघत नाही म्हटल्यावर विंडोज चित्र काढायचंच थांबवतं.

आवाजाचीही हीच गत. आरडीपीत दिसणारं 'रिमोट ऑडिओ' हे साउंड डिव्हाइस तुमच्या लॅपटॉपच्या स्पीकरकडे जाणारी वाट आहे. तुम्ही निघालात की तेही जातं. ओबीएसचं मॉनिटरिंग त्यावर ठेवलेलं असेल तर तिथेच अडतं. म्हणून क्लाउडवर व्हीबी-केबलसारखं आभासी साउंड कार्ड टाकायचंच, आणि त्याआधी विंडोज ऑडिओ सर्व्हिस सुरू आहे ना ते बघायचं. विंडोज सर्व्हरवर ती आपोआप सुरू होत नाही.

आता ज्यासाठी मी आरडीपीवर खरा खार खाऊन आहे ते सांगतो. विंडोज सर्व्हरवर आरडीपीच्या सेशनमधले प्रोग्रॅम आपलं चित्र मुळात सीपीयूवर काढतात. ग्रुप पॉलिसीत मुद्दाम सांगितल्याशिवाय जीपीयूला हात लावत नाहीत. म्हणजे १६ जीबी मेमरीच्या टी४ कार्डाचं भाडं तासागणिक भरायचं आणि सीनची जुळवाजुळव सीपीयूच्या माथी मारायची! ओबीएसचा लॉग उघडा आणि वरच्या भागात अडॅप्टरचं नाव वाचा. तिथे एनव्हीडिया टी४ हवं. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर ड्रायव्हर' दिसलं, तर फ्रेम का गळतात याचं उत्तर तिथेच मिळालं.

उपाय सांगतो. क्लाउडवर डिस्प्ले कॅप्चर वापरूच नका, हे माझं ठाम मत आहे. गुणफलकाला स्वतःचा पत्ता असेल तर तो 'ब्राउझर सोर्स'मध्ये टाका. ओबीएसच्या पोटातच क्रोमियम आहे. ते पान स्वतः काढतं, डेस्कटॉप असो वा नसो. गुण भरणारा मुलगा मैदानाच्या कडेला मोबाइल घेऊन बसला तरी चालतं.

दुसरं, आत जायचा रस्ताच बदला. आरडीपीऐवजी डीसीव्ही ही रिमोट डेस्कटॉपची प्रणाली वापरा. ती मूळची नाईस या इटालियन कंपनीची. २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती कंपनी विकत घेतली आणि ईसीटूवर डीसीव्हीला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. ती मशीनच्या स्वतःच्या कन्सोल सेशनला जोडते. आपण निघून आलो तरी ते सेशन जागेवर राहतं आणि जीपीयूही कामाला लागतो. पार्सेकनेही काम भागतं.

सामना चालू आहे आणि हाताशी फक्त आरडीपी आहे, अशा वेळी विंडोजची 'टीएसकॉन' ही जुनी कमांड उपयोगी पडते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की आपलं सेशन कन्सोलकडे सोपवते, आरडीपी तुटतं आणि डेस्कटॉप जिवंत राहतो. रिझोल्यूशन मात्र बदलू शकतं, तेव्हा कॅप्चरची मापं आधी एकदा करून बघा. शिवाय डेस्कटॉप अनलॉक राहतो, म्हणून काम झालं की लॉक करायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यासाठी एक तयारी करून ठेवा. मैदानावरच्या इंटरनेटवरून आपल्या मशीनला पिंग करा, एकदा सकाळी आणि एकदा ऐन गर्दीत, आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. उत्तर येत नसेल तर सिक्युरिटी ग्रुपमध्ये आयसीएमपीला वाट द्या. एसआरटीची लेटन्सी मुळात १२० मिलिसेकंदांवर ठेवलेली असते. ती तुमच्या मैदानाला पुरते का, हे त्या दोन आकड्यांवरूनच काढणार आहोत.