पूर्णा जंक्शन ते नरनाळा

परभणी जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. जिंतूरकडचे डोंगर आणि येलदरी जलाशयाचा काठ सोडला, तर गोदाकाठची काळी जमीन बहुतेक नांगराखाली आलेली. दाट रान बघायचं तर इथल्या माणसाला उत्तरेची वाट धरावी लागते. एकेकाळी ती वाट पूर्णा जंक्शनच्या फलाटावरूनच निघायची. मीटरगेज गाडी हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट करत थेट मेळघाटात शिरायची. काचीगुड्याहून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरची. धूळघाटाजवळचा चढ आटोक्यात आणण्यासाठी लोहमार्गाला असा फेरा दिला होता, की रूळ आपलेच रूळ ओलांडून पुढे जायचे.

परभणीकराने मेळघाटात पहिली पायपीट नरनाळा किल्ल्याची करावी, असं माझं मत आहे. कारण इतिहासात आहे. आपलं पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होतं आणि नरनाळाही. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्या नात्याने बुऱ्हाण निजामशहाने पाथरीवर हक्क सांगितला आणि 1518 मध्ये ते जिंकून घेतलं. पुढे ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या ‘सरकार’ नावाच्या विभागांमध्ये पाथरी आणि नरनाळा ही दोन्ही नावं आढळतात.

पायथ्याच्या शहानूरहून वर जाताना सागाची राई लागते. हिवाळा सरताना तिथे पानगळ एवढी असते, की प्रत्येक पाऊल वाजतं आणि जनावर आपल्या आधी सावध होतं. वरचा महाकाली दरवाजा 1487 चा, इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळातला. तिथे घाई करू नये. फिकट वालुकाश्मात कोरलेली कमळं, बाहेर झुकलेले सज्जे, बारीक दगडी जाळ्या आणि शिलालेख, हे सारं सकाळच्या तिरप्या उन्हात नीट उठून दिसतं. आत तलाव आहेत, टाकी आहेत, नऊगजी तोफ आहे. पण किल्ल्याभोवतीचं रान अभयारण्य आहे, तेव्हा परवानगी आणि स्थानिक वाटाड्या यांच्याशिवाय पाऊल टाकू नये. कोरकू वाटाड्या ज्या खुणा दाखवतो, त्या आपल्या नजरेतून हमखास सुटतात.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याचाच भाग. 1884 नंतर दिसेनासा झालेला रानपिंगळा 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मग शोध वाढला, तेव्हा तो मेळघाटातही आढळला. त्याला जुनी, ढोल्या असलेली झाडं लागतात. अशी झाडं पुन्हा लावून दहा वर्षांत उभी राहत नाहीत.

म्हणूनच रेल्वेचा प्रश्न मोठा. पूर्णा-अकोला मार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोटच्या पुढे मात्र रुंदीकरण जंगलातून न्यायचं की बाहेरून, यावर बरीच वर्षं वाद चालला. शेवटी हिवरखेड, सोनाळा, जामोद असा बाहेरचा मार्ग पुढे आला. तो लांबचा आहे, खर्चाचाही आहे. तरी तोच योग्य.

आता जायचं तर अकोल्यापर्यंत रेल्वेने, पुढे अकोटमार्गे रस्त्याने. गाभा क्षेत्रात स्वतःचा तंबू ठोकता येत नाही. मुक्कामाचं शहानूर, सेमाडोह किंवा कोलकासला आधीच ठरवावं. वाटाड्याची मजुरी देताना घासाघीस करू नका आणि प्लास्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नका.