संपर्कयादी अ‍ॅक्सेसला जोडताना मराठी नावं का बिघडतात?

समजा, शहागंजच्या दुकानदारांचा सर्व्हे करायचा म्हणून तुम्ही जीमेलमधले संपर्क सीएसव्ही फाइलमध्ये उतरवले, अ‍ॅक्सेसला जोडले आणि मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं आली. घाबरू नका, नावं हरवलेली नाहीत. फाइल युटीएफ-८ मध्ये आहे, अ‍ॅक्सेस ती वेगळ्याच कोडमध्ये वाचतंय. जोडणी काढून पुन्हा करा. विझार्डमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ उघडून कोड पेज ६५००१ निवडा. तिथंच फोनचा रकाना ‘शॉर्ट टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर ०२४० मधलं पहिलं शून्य गळतं. शून्य गेलं की फोन लागत नाही आणि मुलाखतही जाते. जोडलेल्या सीएसव्हीतल्या नोंदी अ‍ॅक्सेसमध्ये दुरुस्त करता येत नाहीत. दुरुस्त्या करायच्या असतील तर ‘लिंक’ नको, ‘इम्पोर्ट’ करा. मूळ फाइल मात्र जशीच्या तशी जपून ठेवा.