शून्यं गाळा, पण एकदाच

पारनेरला पत्र पाठवताना आपण ‘मु. पो.’ लिहितो, पूर्ण शब्द वाचणारा मनात भरतो. इंटरनेटच्या आयपीव्ही६ पत्त्याचंही तसंच. त्यात आठ गट असतात. २००१:डीबी८:०:०:१:०:०:१ हा घ्या. शून्यांची एक सलग रांग गाळून ‘::’ ठेवता येतं: २००१:डीबी८::१:०:०:१. दोन्हीकडे का नको? चार शून्यं गेली हे कळेल, पण दोन-दोन की एक-तीन? आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, तिथेही हीच अडचण!

२०१०च्या आरएफसी ५९५२ने लिहिण्याचं एकच रूप सुचवलं. तरी बाकीची रूपं चालतातच. म्हणून प्रोग्रॅममध्ये नुसती अक्षरं जुळवू नका. बंदीच्या यादीत लांब रूप आणि आलेला पत्ता आखूड, तर दार उघडंच राहतं. आधी दोन्हींचा १२८ बिटांचा आकडा करा, मग ताडून पाहा.